कापलेल्या दृश्याचा आवाज
वाचकांचे प्रश्न, ऑपरेटरकाकांची उत्तरं

मागच्या अंकात सिनेमाच्या सुरुवातीला दिसणाऱ्या सेन्सॉर सर्टिफिकेटबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं पान त्यालाच देतो आहे. नवीन वाचकांसाठी सांगतो. मी सोलापुरातल्या एका थिएटरात १९७८ साली रिवाइंडरवर, म्हणजे रिळं परत गुंडाळायच्या यंत्रावर बसलो, पुढे प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर झालो, आणि २०११ ला रिळं बंद झाली तेव्हा केबिनमधून खाली उतरलो. कामाला लागलो तेव्हा सतरा वर्षांचा होतो. 'ए', म्हणजे फक्त प्रौढांसाठीचा सिनेमा लागला की आमचे वस्ताद मला केबिनबाहेर जिन्यात बसवत आणि रिळं स्वतः गुंडाळत. अठरा पूर्ण झाली त्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं. या विषयाची माझी शिकवणी त्या जिन्यात झाली.

प्रश्न : मुलाच्या नवव्या वाढदिवसाला आम्ही सिनेमाला गेलो. सिनेमा 'यूए १६+' होता, तिकीट मोबाईलवर काढताना त्याकडे लक्ष गेलं नाही. दारावर कुणी अडवलं नाही. मध्यंतरापर्यंत मुलगा माझ्या ओढणीत तोंड खुपसून बसला. पंधरा दिवस झाले, एकटा झोपत नाही. थिएटरवाल्यांची तक्रार करता येईल का? — एक आई, जुळे सोलापूर

ताई, आधी मुलाचं बोलू. रिळाच्या काळात एखादं पोर घाबरून रडत बाहेर आलं, की वस्ताद त्याला केबिनमध्ये बोलवायचे. फिल्मचा तुटका तुकडा बल्बसमोर धरायचे. एका फुटात सोळा चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात तोच राक्षस, नखाएवढा. "हा बघ, एवढासा आहे. आम्ही मागून दिवा लावतो म्हणून मोठा दिसतो." पोर तो तुकडा मुठीत धरून आईकडे पळायचं. माझ्याकडे अजून तशी फूटभर पट्टी आहे. लेकाला घेऊन या, खिडकीच्या उजेडात त्याच्याच हाताने धरू द्या. तोवर घरात कुणी त्याला "एवढ्याला काय घाबरतोस" म्हणू नये.

आता तक्रारीचं. 'यूए' सिनेमाला दारावरचा माणूस तुमच्या मुलाला अडवू शकत नाही. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि 'यूए'चे तीन भाग पडले : ७+, १३+ आणि १६+. त्याआधी एकच 'यूए' होता आणि त्याचा अर्थ एवढाच, की बारा वर्षांखालच्या मुलांना दाखवायचं का ते आईबापांनी ठरवावं. नव्या कायद्यातही ते आकडे पालकांसाठी सल्ला म्हणूनच आहेत. थिएटरने ते कुणावर लादायचे नाहीत, असंच कायद्याने ठरवलं आहे. 'ए'चं मात्र वेगळं. तिथे अठराच्या आतल्याला आईबाप सोबत असले तरी प्रवेश नाही. म्हणजे 'ए'ची राखण दारावर होते आणि 'यूए'ची राखण घरी, तिकीट काढण्याआधी.

तुमच्या मनाला हे लागेल, पण दोष एकट्या तुमचा आहे असं मी मुळीच मानत नाही. आमच्या वेळी तिकीट खिडकीच्या वर 'फक्त प्रौढांसाठी' अशी लाल पाटी टांगलेली असायची, हातभर लांब. पैसे पुढे करताना ती डोळ्यासमोरच असायची. आता सिनेमाच्या नावाखाली तांदळाच्या दाण्याएवढा आकडा येतो आणि अंगठा त्याच्यावरून सरकून जातो. शिवाय तो आकडा का दिला हे कुठे कळतं? मोबाईलवर मालिका लावली की 'हिंसा', 'शिवीगाळ' असं कोपऱ्यात लिहून येतं. थिएटरच्या तिकिटावर बहुतेक वेळा नुसता आकडा. सोळा म्हणजे रक्तासाठी सोळा, की नवरा-बायकोच्या भांडणासाठी सोळा? माझं पोर भुताला घाबरतं, तुमचं कदाचित रक्ताला. कारण सांगितल्याशिवाय आईने ठरवायचं कशावर? थिएटरला पत्र लिहायचंच असेल तर हे लिहा, की आकडा मोठा करा आणि कारण छापा. मी खाली सही करतो.

'ए'च्या दारावरचीही एक आठवण सांगतो. आमचा डोअरकीपर सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा. मिसरूड फुटलेली पोरं मॅटिनीला यायची आणि छाती पुढे काढून वय एकोणीस सांगायची. हा शांतपणे विचारायचा, "जन्मसाल सांग बे." ते पाठ करून आलेले असायचे. लगेच दुसरा प्रश्न, "मग पहिलीत कुठल्या साली होतास?" तिथे पोरगं बोटं मोजायला लागायचं आणि हा त्याचा खांदा धरून हळूच वळवायचा. तिकिटाचे पैसे खिडकीवरून परत द्यायला लावायचा. एकाही पोराचा त्याने चारचौघांत अपमान केला नाही.

प्रश्न : जुन्या सिनेमांच्या सर्टिफिकेटवर खाली डाव्या कोपऱ्यात कधी कधी त्रिकोण दिसतो. तो कशाचा? — संग्राहक, बाळीवेस

तुमची नजर चांगली. तो त्रिकोण म्हणजे या सिनेमाला कात्री लागली आहे, ही नोंद. सेन्सॉर बोर्डाने सांगून कापलं असेल किंवा निर्मात्याने आपणहून, त्रिकोण येतोच. काय कापलं ते सर्टिफिकेटच्या दुसऱ्या भागात लिहिलेलं असतं, पण पडद्यावर पहिलाच भाग दिसतो.

त्या कागदावर रिळांची संख्या आणि मीटरमध्ये लांबीही असायची. प्रेक्षकांना वाटे, ही कसली भाकड माहिती. आम्ही मात्र प्रिंटची पेटी उघडली की आधी तेच बघायचो. फिल्म सेकंदाला दीड फूट पळते. चाळीस फूट गेले म्हणजे सत्तावीस सेकंद गेले. कागदावर सोळा रिळं लिहिली आहेत आणि खेळ बारा मिनिटं आधीच संपला, तर वाटेत कुणीतरी हात मारला आहे हे घड्याळच सांगायचं.

कात्री कुणाची हेही ओळखता यायचं. फिल्मवर चित्राच्या कडेला आवाजाची बारीक पट्टी छापलेली असते. पण चित्र आणि त्याचा आवाज शेजारी शेजारी नसतात. प्रोजेक्टरमध्ये फिल्म आधी दिव्यासमोरून जाते आणि मग खाली आवाज वाचणाऱ्या डोक्यावरून. म्हणून आवाज वीस चौकोन पुढे छापतात. आता तयार प्रिंटमधून कुणी मधलं दृश्य कापून टोकं चिकटवली, तर काय होतं? पडद्यावर चित्र पुढच्या प्रसंगाला उडी मारतं, पण आवाजाच्या डोक्यावरून अजून आधीचीच फिल्म जात असते. तिच्यावर कापलेल्या दृश्याच्या सुरुवातीचा आवाज उरलेला असतो. वीस चौकोन, पाऊण सेकंदाहून थोडा जास्त. दृश्य नाही आणि त्याचा आवाज आहे. निर्मात्याने बोर्डाच्या सांगण्यावरून काप केला तर तो निगेटिव्हवर व्हायचा, आवाज नीट जुळवला जायचा आणि मग प्रिंट निघायच्या. तिथे सांधा कळायचा नाही. हा अर्धवट आवाज ऐकू आला की समजायचं, ही कात्री मुंबईची नाही. वाटेतल्या कुठल्यातरी गावात, कुणीतरी आपल्या मनाने चालवलेली आहे. पाचवा खेळ बसवायला गाणं उडवलेलं असायचं, कधी कुणाच्या दबावाने प्रसंग उडवलेला असायचा.

एकदा एका बाईच्या तोंडचं "मी नाही" एवढंच ऐकू आलं आणि पडद्यावर थेट वरात. ती कशाला नाही म्हणत होती, ते त्या आठवड्यात सोलापुरात कुणालाच कळलं नाही. मला अजून कळलेलं नाही.

प्रश्न : मी २१ वर्षांचा आहे. मतदान करतो. सिनेमाला 'ए' दिल्यावर आत फक्त प्रौढ असतात, मग त्यातल्या शिव्या बंद का करतात, दृश्यं का कापतात? — विद्यार्थी, सोलापूर विद्यापीठ

बाळ, तुझ्या प्रश्नात दोन कामं वेगवेगळी दिसतात आणि तीच गोष्ट मला सांगायची आहे. वय सांगणं हे एक काम. कापणं हे दुसरं. आपल्याकडे दोन्ही एकाच टेबलावर होतात.

हे टेबल इंग्रजांनी मांडलं. सिनेमाचा पहिला कायदा १९१८ चा, आणि १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथे सेन्सॉर बोर्डं बसली. त्यांना पोराबाळांची काळजी नव्हती, राज्याची होती. तुझ्या गावातलंच बघ. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला, डोक्यावर गांधी टोपी घालणंही गुन्हा ठरलं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. त्याच १९३० साली कोल्हापुरात प्रभात कंपनीने शिवाजी महाराजांवर सिनेमा केला होता, महाराजांच्या भूमिकेत स्वतः व्ही. शांताराम. नाव ठेवलं होतं 'स्वराज्याचे तोरण'. सेन्सॉरला 'स्वराज्य' हा शब्द खपला नाही, सिनेमा 'उदयकाल' म्हणून लागला. पाच वर्षांनी एकनाथ महाराजांवरचा 'महात्मा' आला, बालगंधर्व नाथांच्या भूमिकेत. नाथांनी अस्पृश्याच्या घरी जेवण्याची गोष्ट, आणि नाव 'महात्मा' म्हटल्यावर गांधीजी आठवणारच. तो 'धर्मात्मा' झाला. एका गावात टोपीवर बंदी आणि पडद्यावर शब्दावर, कात्री तीच होती. चार हुतात्मा चौकातून जाताना मला हे दर वेळी आठवतं.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये केंद्रीय बोर्ड आलं आणि १९५२ ला आजचा कायदा. १९८३ मध्ये बोर्डाच्या नावातला 'सेन्सॉर' शब्द काढून 'प्रमाणन' घातला, 'यूए' आणि 'एस' हे वर्गही तेव्हाच आले. 'एस' म्हणजे डॉक्टरांसारख्या ठराविक लोकांसाठी. नाव बदललं, कात्री मात्र तिथेच राहिली. आपण अजून 'सेन्सॉर'च म्हणतो ते उगाच नाही.

मधे शहाणी माणसं बोलली नाहीत असं नाही. न्यायमूर्ती खोसला समितीने १९६९ मध्येच सांगितलं की कथेची गरज असेल तर चुंबनाला आणि नग्नतेला हरकत असू नये. ख्वाजा अहमद अब्बास आपल्या माहितीपटासाठी सुप्रीम कोर्टात गेले. १९७० च्या निकालात कोर्टाने आधी तपासणी करण्याची पद्धत घटनेत बसते असं म्हटलं, पण ती मनमानी नसावी, तिला मुदत असावी, वर दाद मागता यावी, हेही बजावलं. २०१६ मध्ये श्याम बेनेगल समितीने तर स्पष्टच सुचवलं की बोर्डाने वयाप्रमाणे वर्ग द्यावा, कापाकापी करू नये. त्याच वर्षी पंजाबातल्या नशेवरच्या एका हिंदी सिनेमात बोर्डाने तेरा बदल सांगितले होते, मुंबई हायकोर्टाने त्यातला एकच काप ठेवला आणि सिनेमा 'ए' घेऊन लागला.

२०२३ च्या दुरुस्तीत वयाचे टप्पे आले, ते मला मनापासून आवडलं. पण कापायला सांगण्याचा अधिकार बोर्डाकडे तसाच आहे. त्यात २०२१ पासून अपिलाचं न्यायाधिकरणही नाही. निर्मात्याला सरळ हायकोर्टात जावं लागतं. मुंबईच्या मोठ्या निर्मात्याला ते परवडेल. करमाळ्याच्या, माढ्याच्या पोराने उसनवारी करून सिनेमा काढला असेल तर तो वकील लावेल की सांगितलेला काप निमूट करेल? तो काप करतो. आणि तो काप पुढे कुठल्याच बातमीत येत नाही.

अमेरिकेत १९६८ पासून वर्ग आहेत, ते सिनेमा उद्योगाने स्वतःवर घालून घेतलेले, सरकारचा कायदा नव्हे. तिथे १३ चा आकडा १९८४ मध्ये आला. तिथलं सगळं बरं असं मी म्हणत नाही, चांगल्या वर्गासाठी तिथेही निर्माते स्वतःच कापतात. पण प्रौढाने काय बघावं ते सरकारी टेबलावर ठरत नाही.

आपल्याकडेही जमतं, त्याचा दाखला मराठीतलाच आहे. चित्रकलेच्या वर्गात मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईवरचा 'न्यूड' २०१७ मध्ये गोव्याच्या महोत्सवातून काढला गेला. २०१८ च्या जानेवारीत बोर्डाने तोच सिनेमा एकही काप न करता 'ए' देऊन पास केला. मोठ्यांनी मोठ्यांचा सिनेमा पाहिला. त्याने कुणाचं काय बिघडलं?

माझं म्हणणं असं, की 'ए'ची पाटी ठळक लावा, दारावर पहिलीचं साल विचारणारा माणूस उभा करा, आणि आत कात्री नेऊ नका. दार ढिलं असलं की कात्रीवाल्याला निमित्त मिळतं. "पोरं बघतात हो" म्हणून तो मोठ्यांचंही कापतो.

प्रश्न : मी विड्या वळते. पडद्यावर कुणी विडी पेटवली की खाली धोक्याची अक्षरं येतात. ती सेन्सॉर लावतं का? — विडी घरकुल, कुंभारी

नाही ताई, तो नियम आरोग्य खात्याचा. २ ऑक्टोबर २०१२ पासून थिएटरात सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी फिल्म दाखवावी लागते आणि धूर दिसतो तोवर खाली अक्षरं ठेवावी लागतात. २०२३ च्या सप्टेंबरपासून मोबाईलवरच्या मालिकांनाही तेच लागू आहे. माझ्या आईनेही विड्या वळल्या. हजार विड्या झाल्या की तिची बोटं सरळ व्हायची नाहीत, आणि तंबाखूचा खकाणा तिच्या छातीत शेवटपर्यंत राहिला. पडद्यावर ओढणाऱ्याचं फुप्फुस दाखवतात. वळणारीचा खोकला कुणी दाखवत नाही.

प्रश्न : तेलुगू सिनेमा आम्ही तेलुगूत बघतो तेव्हा एक सर्टिफिकेट, हिंदीत बघितला की दुसरं. असं कसं? — यंत्रमाग कामगार, अशोक चौक

दादा, डब केलेला सिनेमा वेगळा सिनेमा धरत आले आहेत. त्याला बराच काळ वेगळा अर्ज, वेगळी समिती, वेगळं सर्टिफिकेट लागायचं. भाषा बदलली की शिवी बदलते, म्हणून एकाच सिनेमाचे काप दोन भाषांत वेगळे असू शकतात. पूर्व भागातल्या लोकांना दोन्ही भाषा येतात, म्हणून तुम्हाला हे दिसतं. पुण्यातल्या माणसाच्या लक्षातही येणार नाही.

प्रश्न : नातू मोबाईलवर वेबसिरीज बघतो, तिला बोर्डाचं सर्टिफिकेट का नसतं? — आजोबा, अक्कलकोट

आजोबा, बोर्ड थिएटरसाठी आहे. मोबाईलवरच्या कंपन्यांना २०२१ च्या नियमांप्रमाणे स्वतःच वर्ग द्यावे लागतात. १३+ आणि वरच्या कार्यक्रमांना पालकांसाठी कुलूप आणि 'ए'साठी वयाची खात्री करण्याची सोय द्यावी लागते. ते कुलूप आहे, पण लावलेलं नसतं. नातवालाच शेजारी बसवून लावून घ्या, आणि पिन तुमच्याकडे ठेवा.

प्रश्न : काका म्हणतात की जुन्या काळी सकाळच्या खेळांना सर्टिफिकेटमध्ये नसलेलंही काही दाखवायचे. खरं आहे का? — नाव छापू नये

खरं आहे. हे उत्तर मी दोन दिवस लिहितो आहे.

धंद्यात त्याला 'बिट' म्हणत. परदेशी 'ए' सिनेमा सकाळच्या खेळाला लागायचा, आणि मधे कुठेतरी दुसऱ्याच कुठल्यातरी फिल्मचा अश्लील तुकडा जोडायचा. खेळ संपला की तुकडा काढून ठेवायचा, म्हणजे तपासणीला कुणी आलं तर प्रिंट स्वच्छ.

१९८९ सालची गोष्ट. तेव्हा मी दुसऱ्या थिएटरात होतो. प्रिंटसोबत आलेल्या माणसाने शर्टाखालून एक छोटा डबा काढून रिवाइंडरच्या टेबलावर ठेवला. बुटाच्या पॉलिशच्या डबीसारखा, जरा मोठा. म्हणाला, "तिसऱ्या रिळात जोड." मी झाकण काढून टोक उजेडात धरलं. तीनेकशे फूट असेल. तीन मिनिटं वीस सेकंद, सवयीने हिशेब मनात झालाच. त्यातली मुलगी बघून मी झाकण लावलं. ती अठराची वाटत नव्हती.

मी नाही म्हणालो. मालकांकडे बोलावणं गेलं. मालक वर आले, फार ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "तू जोडला नाहीस तर दुसरा जोडेल." सर्टिफिकेट दिल्यावर प्रिंटमध्ये काही घातलं किंवा काढलं तर तेव्हाच्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होता. मी तेही बोललो. त्यांनी चाव्या मागितल्या, मी दिल्या. पुढचे सात महिने मी साखर पेठेत टॉवेलच्या मागावर काम केलं. घरी मुलगी दीड वर्षांची होती. त्या सात महिन्यांत बायकोने एकदाही विचारलं नाही की जोडला असतास तर काय झालं असतं. तिचं ते न विचारणं माझ्या लक्षात आलं होतं, हे तिला कधी सांगितलं नाही, ते आज इथे लिहितो.

दुसऱ्याने जोडला, मालक म्हणाले तसंच झालं. त्या थिएटरची बाल्कनी तोवर बायकांनी भरलेली असायची. मंगळवार पेठेतल्या, बाळीवेशीतल्या बायका दुपारच्या खेळाला यायच्या, शेंगांच्या पुड्या घेऊन, लेकरं मांडीवर. सकाळच्या खेळाची बातमी गावभर झाली आणि दुपारच्या बायका यायच्या थांबल्या. वर्षभरात बाल्कनीतून पुरुषांच्या शिट्ट्याच ऐकू येऊ लागल्या. दुपारचे सिनेमे तेच होते, साधे, घरगुती, 'यू' म्हणजे सगळ्यांना खुल्या सर्टिफिकेटचे. पण त्या दारावरचा विश्वास गेला होता.

म्हणून कात्रीविरुद्ध बोलणारा मी या बाबतीत कडक आहे. पास झालेल्या सिनेमातून एक फूट काढणारा आणि एक फूट घालणारा, दोघेही तिकीट काढलेल्या माणसाला फसवतात. आणि जमाव येऊन काचा फोडेल या भीतीने पास झालेला सिनेमा उतरवतात, तेही यातलंच. सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच एका तमिळ सिनेमाच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे, की दंग्याच्या धमकीपुढे झुकून सिनेमा दाबता येत नाही. बंदोबस्त ठेवणं सरकारचं काम आहे. मी सात महिने माग चालवत होतो, तेव्हा तो निकाल ताजा होता. मला पुष्कळ उशिरा वाचायला मिळाला.

प्रश्न : मी आठवीत आहे. मला १३ पूर्ण व्हायला दोन महिने बाकी आहेत आणि मला बघायचा सिनेमा 'यूए १३+' आहे. तोपर्यंत तो थिएटरमधून जाईल. मी काय करू? — बार्शी

बाळा, आठवीतल्या मुलाने जन्मतारीख मोजून खरं पत्र लिहिलं, याचा मला फार आनंद झाला. दोन महिने थांबायची सक्ती नाही. वर एका ताईंना लिहिलंय ते वाच, हा आकडा आईबाबांसाठी आहे. हे पान त्यांना दाखव. सिनेमात काय आहे ते आधी त्यांनी बघावं किंवा कुणाला विचारावं, आणि मग तुम्ही तिघांनी एकत्र जावं. एकट्याने किंवा मित्रांबरोबर गुपचूप नको. बाबांच्या शेजारची खुर्ची घे. सुरुवातीला सर्टिफिकेट येईल तेव्हा बोलू नकोस, दहा सेकंद असतं ते, सगळं वाचून काढ. आणि पाहून आलास की कुठल्या जागी डोळे मिटलेस ते मला लिहून कळव.